विश्लेषण : चुलीवर ‘गंज’ कसा ठेवायचा? वऱ्हाडी कादंबऱ्यांतले शब्द मोबाइलवर का सापडत नाहीत?

‘चुलीवर गंज ठेव’ असे वाक्य कादंबरीत आले, तर पुण्या-मुंबईचा वाचक थबकतो. गंज लोखंडाला चढतो, तो चुलीवर कसा ठेवायचा? अमरावती-अकोल्याच्या वाचकाचे मात्र काहीच अडत नाही. त्याच्या घरी गंज म्हणजे स्वयंपाकाचे पातेले. ‘गंज दिवस झाले भेटून’ असे कोणी म्हणाले, तर तिथे गंज म्हणजे पुष्कळ. एका शब्दाचे हे तीन अर्थ झाले आणि मोबाइलवर घाईने शोधणाऱ्याला त्यांतला लोखंडावरचाच आधी भेटण्याची शक्यता अधिक.

कादंबरी वाचताना नवे शब्द सापडणे हा वाचनाचा मोठा आनंद आहे. वऱ्हाडी कादंबऱ्यांच्या बाबतीत तो आनंद थोडा अवघड होतो, कारण शब्द सापडतो पण त्याचा अर्थ सापडत नाही. असे का होते, अर्थ कुठे शोधायचा, आणि तो आत्ताच शोधण्याची घाई का आहे, याचा हा आढावा.

नवा शब्द नेमका कुणाला नवा?

‘नवा शब्द’ हे वाचकाच्या गावावर ठरते. कोथिंबीर, बटाटा, परात हे शब्द मराठीच्या पाठ्यपुस्तकात सरळ येतात. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत मात्र त्यांना सांबार, आलू आणि कोपर म्हणतात. अकोल्याहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाने भाजीवाल्याकडे ‘पाच रुपयांचा सांबार’ मागितला, की समोरचा गोंधळतो. त्याच्या डोळ्यांपुढे इडलीबरोबरचे सांबार येते. त्या मुलाने ‘कोथिंबीर’ हा शब्द शाळेत शिकून घेतलेला असतो, भाजीवाल्याला ‘सांबार’ शिकण्याची वेळ कधी आलेली नसते.

वाचनातही हेच घडते. वऱ्हाडातल्या वाचकाने श्री. ना. पेंडसे यांच्या कोकणातल्या कादंबऱ्या वाचल्या, तेव्हा खोत म्हणजे कोण, हे त्याने गोष्टीच्या ओघात समजून घेतले. कुणी त्याला सोबत कोश दिला नव्हता आणि त्यानेही ‘भाषा अवघड आहे’ म्हणून पुस्तक मिटले नाही. वऱ्हाडी कादंबरीबद्दल मात्र ‘बोली कळत नाही’ ही तक्रार सहज होते. वऱ्हाडी वाचकासाठी अनुभव वेगळाच असतो. घरात रोज ऐकलेला, पण शाळेत ‘नीट बोल’ म्हणून खोडला गेलेला शब्द त्याला पहिल्यांदा छापलेला दिसतो. तो शब्द त्याला माहीत असतो, त्याचे पुस्तकात असणे नवे असते.

वऱ्हाडी कुठे भेटते, कोणत्या कादंबऱ्यांत?

वऱ्हाड म्हणजे आजचे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा. इथल्या कादंबऱ्यांत बोलीचे प्रमाण सारखे नाही. नव्या वाचकासाठी त्यांची एक पायरी-पायरीने चढण लावता येते.

पहिली पायरी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०). कौतिक या कष्टकरी बाईची ही कहाणी. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, अशी तिची रचना आहे. संवादात शब्द अडला, तरी निवेदन हात देते. बोलीशी पहिली ओळख करून घ्यायला यापेक्षा सोयीचे पुस्तक मिळणे कठीण.

दुसरी पायरी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी कुटुंब यांची ही कादंबरी. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बुलडाणा भागातली शेतीची भाषा इथे भेटते. वाशीम जिल्ह्यातले बाबाराव मुसळे यांच्या ‘हाल्या हाल्या दुधू दे’चे तर नावच शब्दाची परीक्षा घेते. हाल्या म्हणजे रेडा. तो दूध देणार नाही, हे कळले की नावातला सगळा उपहास एका क्षणात उलगडतो. ‘हाल्या’ हा शब्द ज्याला माहीत नाही, त्याला कादंबरीच्या नावावरच अडखळावे लागते.

तिसरी पायरी बोलीतच चालणाऱ्या लेखनाची. परतवाड्यात १९१६ मध्ये जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ ही वऱ्हाडी बोलीतली कादंबरी आहे. अमरावती-अकोला जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा नदी इथे ‘माय’ आहे. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ही याच पायरीवर येते. कादंबरीच्या आधी कथेने सुरुवात करायची असेल, तर दर्यापूरच्या प्रतिमा इंगोले यांच्या ‘हजारी बेलपान’मधल्या वऱ्हाडी कथा आहेत.

अनोळखी दिसणारा प्रत्येक शब्द नवा असतो का?

नाही. पहिल्या वीस-तीस पानांत अडणारे बरेचसे शब्द आपल्या ओळखीचेच असतात, फक्त उच्चार वेगळा असतो. चार-पाच खुणा लक्षात ठेवल्या, तर निम्मी भीती जाते.

वऱ्हाडच्या बऱ्याच भागात ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पोळा म्हणजे पोया. ‘ण’चा ‘न’ होतो : पाणी-पानी, कोण-कोन. शब्दाच्या सुरुवातीचा ‘वि’ जाऊन ‘इ’ उरतो : विहीर-इहीर, विचार-इचार, विस्तव-इस्तो. ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो : मले, तुले, घराले. आणि ‘तो येईल’ऐवजी ‘तो येईन’ असे म्हणतात. या शेवटच्या खुणेने बाहेरचा वाचक हमखास फसतो. ‘येईन’ वाचून त्याला वाटते की बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे. प्रत्यक्षात गोष्ट तिसऱ्याच माणसाची चाललेली असते.

याखेरीज काही छोटे शब्द सतत येतात. काऊन किंवा काहून म्हणजे का, कायले म्हणजे कशाला, मंग म्हणजे मग, पोट्टं म्हणजे पोरगं, बुढी म्हणजे म्हातारी. ‘पोट्टं’ हा शब्द इतरांना रांगडा वाटतो, पण वऱ्हाडात तो लाडाने, रागाने आणि सहज अशा तिन्ही तऱ्हांनी वापरला जातो. संवाद कोण कुणाशी बोलतो आहे, यावरून त्यातला भाव कळतो.

ओळखीचा शब्द कसा फसवतो?

अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त धोकादायक असतो. अनोळखी शब्दावर वाचक निदान थांबतो. ओळखीच्या शब्दावर तो थांबत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. वऱ्हाडी वाचताना सांभाळायचे असे काही शब्द :

धुरा – प्रमाण मराठीत जबाबदारी, ‘धुरा सांभाळणे’ मधली. वऱ्हाडात दोन वावरांमधला बांध. ‘धुऱ्यावरून भांडण’ म्हणजे पुढारीपणाचा वाद नव्हे, हद्दीचा वाद.

बंडी – इतरत्र अंगात घालायचे वस्त्र. विदर्भात बैलगाडी.

वावर – इतरत्र वावरणे, ये-जा. इथे शेत. हा अर्थ खानदेश-मराठवाड्यातही आहे.

कोपर – हाताचा सांधा, आणि वऱ्हाडी स्वयंपाकघरात परात.

ढेप – इतरत्र आठवते ती गुळाची. वऱ्हाडी गोठ्यात ढेप म्हणजे सरकीची पेंड, गाई-म्हशींचे खाद्य.

खटलं – खटला म्हटले की कोर्ट आठवते. ‘मोठं खटलं’ म्हणजे मात्र मोठा कुटुंबकबिला.

यांतला एखादा शब्द चुकला, तर केवळ वाक्य नव्हे, प्रसंग चुकतो. ‘त्याचं खटलं मोठं होतं’ हे वाचून वाचक माणसाला कोर्टाच्या फेऱ्यांत पाहतो. लेखकाला मात्र दहा-पंधरा माणसांचे खाते घर दाखवायचे असते.

खरोखर नवे शब्द कोणते?

ज्यांना प्रमाण मराठीत सरळ पर्याय नाही, किंवा शहरातल्या माणसाने ती वस्तूच पाहिलेली नाही, ते. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, त्यामुळे या शब्दांतले बहुतेक शेतातून येतात.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड, सरकी म्हणजे तिचे बी. तिफन म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार, ज्याला इतरत्र पाभर म्हणतात. तिफनीवरच्या ज्या भांड्यात बी सोडतात, ते चाडं. तिफनीमागे दोरीने बांधलेली नळी म्हणजे सरता. मागून चालणारी बाई त्यातून दुसरे बी, बहुधा तूर, सोडत जाते. पीक उगवल्यावर ओळींमधून डवरा फिरवतात, ती डवरणी. तण काढणे म्हणजे निंदण. मळणीनंतर उरलेला भुसा-चारा म्हणजे कुटार. कापसाची वेचणी संपून शेत मोकळे होते, ती उलंगवाडी.

‘सरता’ या एका शब्दात पेरणीची सारी मांडणी आहे. पुढे तिफन हाकणारा, मागे सरत्यावर बाई, एका शेतात दोन पिके. ‘पेरणी केली’ या वाक्यात यातले काहीच नाही. ‘उलंगवाडी’ला तर ‘हंगाम संपला’ हा पर्याय फारच तोकडा आहे. त्या शब्दाबरोबर घरात आलेला किंवा न आलेला पैसा, सावकाराचे देणे, लेकीचे लग्न असे सगळे हिशेब येतात. म्हणूनच कादंबरीकार असा शब्द बदलत नाही. बदलला, तर त्याला त्या जागी अख्खा परिच्छेद लिहावा लागेल.

यांपैकी ‘तिफन’ हा शब्द वऱ्हाडाबाहेर बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याचे श्रेय अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या कवितेला. ती चित्रपटात गाणे म्हणून आली आणि तिफन न पाहिलेल्या माणसांच्याही ओठांवर बसली. एखादा शब्द गावाबाहेर पडायला कधी कधी एक गाणे पुरते.

अर्थ न पाहता शब्द कळू शकतो का?

हे वाक्य पाहा. ते कोणत्याही पुस्तकातले नाही, उदाहरणासाठी केले आहे : ‘धुऱ्यावरच्या लिंबाखाली त्यानं बंडी सोडली अन् बैलाले कुटार टाकलं.’ तीन शब्द अडले, तरी धुरा ही झाड असलेली जागा आहे, बंडी ही बैल जुंपायची-सोडायची वस्तू आहे आणि कुटार हे बैलाचे खाणे आहे, इतके कळतेच. पुढच्या पानावर ‘धुरा’वरून दोन भाऊ भांडले, की तो हद्दीचा बांध असावा, हेही कळते. कादंबरी अशी हप्त्या-हप्त्याने अर्थ देते.

यावर संशोधन झालेले आहे. इंग्रजी लेखक अँथनी बर्जेस यांनी ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) या कादंबरीतल्या तरुणांसाठी रशियनवर आधारलेली एक बोलीच रचली. तिच्यात सुमारे अडीचशे नवे शब्द आहेत. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही इंग्रजी भाषकांना ही कादंबरी वाचायला दिली. शब्दांची यादी दिली नाही आणि शब्दांवर परीक्षा होणार, हेही सांगितले नाही. नंतर ९० शब्दांची चाचणी घेतली, तेव्हा सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. कारण साधे होते. तेच शब्द कादंबरीभर पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांत येत राहिले.

पण एकदाच भेटलेला शब्द इतक्या सहज बसत नाही. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९९ मध्ये घेतला गेला. वाचनात सहज समोर आलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ शिकले जातात, असे त्यात दिसले. आणखी एक मर्यादा आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांवरच्या अभ्यासानुसार कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, म्हणजे दर ५० शब्दांत एखादाच अनोळखी. ‘धग’सारख्या, निवेदन प्रमाण भाषेत असलेल्या कादंबरीपासून सुरुवात का करावी, याचे उत्तर इथे आहे. अनोळखी शब्दांची दाटी कमी असते, तेव्हा भोवतीचे शब्द अर्थ सांगू शकतात.

यातून वाचकासाठी एक सोपा नियम निघतो. पहिल्यांदा अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, खूण करून पुढे जा. तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी कळला नाही, तरच शोधा. दर ओळीला कोश उघडला, तर शब्द मिळतील, पण कादंबरी हातची जाईल.

शोधायला गेले, तर कोशात शब्द का नसतो?

याचे एक कारण इतिहासात आहे. मराठीचा पहिला मोठा शब्दकोश मोल्सवर्थचा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. हे काम मुंबई सरकारसाठी झाले. त्या वेळी वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. त्यामुळे पहिल्या कोशाचा भर स्वाभाविकच कोकण आणि देशावरच्या भाषेवर राहिला. नंतरचे कित्येक छोटे कोश मोल्सवर्थच्या आधारानेच पुढे गेले.

याच इतिहासाने वऱ्हाडीला तिचे वेगळेपणही दिले. निजामाच्या राज्यात फारसी-उर्दू आणि पुढे मध्य प्रांतात हिंदी शेजारी राहिली. कास्तकार (शेतकरी), बटई (वाट्याने केलेली शेती), आलू हे शब्द त्या शेजाराच्या खुणा आहेत. त्यांना ‘अशुद्ध’ म्हणणे म्हणजे त्या मुलखाचा इतिहास खोडण्यासारखे आहे.

दुसरे कारण तांत्रिक आहे. मोबाइलवरचे भाषांतराचे आणि शब्दसूचनांचे तंत्र इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या मजकुरावर शिकते. वऱ्हाडीचा लिखित मजकूर तिथे फार थोडा आहे. जो आहे, तो बहुधा विनोदी चित्रफितींचा, म्हणजे लिहिलेला नव्हे, बोललेला. मग यंत्र ‘मले’ला ‘मला’ करते, ‘डोया’ला चूक ठरवते आणि ‘गंज’ला लोखंडावर नेऊन बसवते.

मग अर्थ कुठे आणि कसा शोधायचा?

मोबाइलवरच, पण योग्य जागी. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, १९५० मध्ये पुरवणी खंड आला. या कोशाने बोलींची दखल घेतली आहे. शब्दापुढे कंसात ‘व.’ असेल तर तो वऱ्हाडी, ‘ना.’ असेल तर नागपुरी. हा कोश आणि मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य शोधता येतात.

शोधताना तीन गोष्टी करा. एक, प्रत्यय काढून टाका : ‘धुऱ्यावरच्या’ नव्हे, ‘धुरा’. दोन, वऱ्हाडी उच्चार उलटा फिरवा : ‘इहीर’ सापडली नाही तर ‘विहीर’, ‘डोया’ नाही तर ‘डोळा’. तीन, जुन्या लेखनाने पाहा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीचे कोश मात्र त्या अनुस्वारांसह छापलेले आहेत. म्हणून ‘लुगडं’ऐवजी ‘लुगडें’, ‘चाडं’ऐवजी ‘चाडें’ असे लिहून बघा. शब्द ‘नाही’ असे वाटते, तेव्हा कित्येकदा तो फक्त जुन्या लेखनात असतो.

उच्चार ऐकायचा असेल, तर राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे संकेतस्थळ आहे. गावोगावच्या बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे आणि कोणता शब्द कुठे चालतो याचे नकाशे तिथे पाहता येतात.

एवढे करूनही शब्द मिळाला नाही, तर विचारायचे. घरातल्या आजीला, वावरात काम केलेल्या काकांना, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीला. बोलीच्या बाबतीत हा शेवटचा नव्हे, अनेकदा सर्वांत खात्रीचा मार्ग असतो. ‘सरता’ म्हणजे ‘पेरणीची नळी’ एवढे कोश सांगेल. तो कशाचा करत, कमरेला कसा धरत, त्यावर उभी राहणारी बाई का लागे, हे सरत्यावर चाललेली बाईच सांगेल.

घाई कशाची आहे?

शब्द मरतो तो बहुधा वस्तू गेल्यावर. विहिरीवर पंप आले आणि मोट गेली. मोटेबरोबर तिच्या भागांची नावे, मोट हाकणाऱ्याची गाणी आणि इशारे गेले. वऱ्हाडात गेल्या काही दशकांत सोयाबीन आले, पेरणी ट्रॅक्टरवर गेली, गोठ्यातली बैलजोडी कमी झाली. तिफन, सरता, चाडं हे शब्द ज्यांनी हातांनी वापरले, ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची नातवंडे अमरावती-अकोल्यात, पुण्यात, त्याही पलीकडे आहेत. ही नातवंडे ‘बारोमास’ वाचतील, तेव्हा त्यांना शब्द छापलेला मिळेल, पण विचारायला माणूस मिळेलच असे नाही.

कादंबरी शब्द जपते, हे खरे. पण ती त्याला वाक्यात जपते, अर्थासह नेहमीच नाही. लेखकाने गृहीत धरलेले असते की वाचकाने तिफन पाहिली आहे. १९६० मध्ये ते ठीक होते. आज तिफन न पाहिलेला वाचक वऱ्हाडातच आहे. म्हणजे पुण्याचा वाचक आणि वऱ्हाडातला तरुण वाचक, दोघेही या शब्दांपुढे हळूहळू सारखेच अनोळखी होत चालले आहेत. फरक इतकाच, की वऱ्हाडातल्या तरुणाच्या घरी सांगणारे कुणीतरी अजून आहे.

वऱ्हाडात याला काही परंपरा आहे का?

आहे, आणि ती मराठी गद्याइतकी जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. मराठीतला आरंभीचा महत्त्वाचा गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या, त्या माणसांना गाठून, विचारून, त्यांनी त्या जमवल्या. आज ज्याला क्षेत्रकार्य म्हणतात, ते हेच. त्यांनी आठवणी सांगणारी माणसे हयात असताना विचारले, म्हणून तेव्हाची बोलती मराठी आपल्यापर्यंत आली. याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जाही मिळाला. जुन्या ग्रंथांचे मोल त्यामुळे ठसले. सरता आणि उलंगवाडी यांची नोंद करायला मात्र विद्यापीठाची वाट पाहण्याची गरज नाही.

वाचकाने काय करावे?

पुढची वऱ्हाडी कादंबरी वाचताना मोबाइलमध्ये एक साधी नोंद उघडून ठेवा. दर शब्दासाठी पाच गोष्टी पुरतात : शब्द, पुस्तकातले पान, तुम्ही लावलेला अंदाज, सांगणाऱ्याने दिलेला अर्थ, आणि सांगणाऱ्याचे गाव. गाव महत्त्वाचे आहे, कारण अचलपूरचा अर्थ मेहकरला बदलू शकतो. शक्य असेल तर सांगणाऱ्याच्या आवाजात तो शब्द एका पूर्ण वाक्यात ध्वनिमुद्रित करा. सुट्या शब्दापेक्षा वाक्य जास्त सांगते. आपला अंदाज आधी लिहून ठेवला, तर चुकलेला शब्द पक्का लक्षात राहतो.

महिन्याला एक कादंबरी आणि तिच्यातले दहा शब्द इतकेच केले, तरी वर्षअखेर १२० शब्दांचा एक छोटा कोश तयार होतो. कुटुंबाच्या गटावर दर रविवारी एक शब्द टाकून पाहा. ‘उलंगवाडी म्हणजे काय?’ एवढेच विचारा. उत्तर एकटे येणार नाही. कुणी त्या वर्षीच्या कापसाचा भाव सांगेल, कुणी वेचणीचे दिवस सांगेल आणि एखादी आत्या ‘आमच्याकडे याला असं नव्हते म्हणत’ म्हणून वेगळाच शब्द पुढे करेल. तोही त्यात लिहून घ्या.